पूर कुठला, व्हिडिओ कधीचा? ऑनलाइन बातम्यांचे व्हिडिओ पारखण्याची रीत

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा आणि व्हिडिओ त्याआधीचे कित्येक आठवडे फोनाफोनी फिरत होते. त्या दिवसांत देशभर सर्वांत गाजलेल्या व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून पसार होतात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेला होता. मूळ व्हिडिओत ते दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि एक पाटी दाखवतात. ते शेवटचे काही सेकंद कुणीतरी कापले. एवढं पुरलं.

बातमीच्या नावाखाली फिरणाऱ्या खोट्या व्हिडिओंचा मोठा हिस्सा आजही असाच असतो. चित्र कॅमेऱ्यानेच टिपलेलं असतं, खोटं असतं ते त्याच्यावर चिकटवलेलं वाक्य. म्हणून ‘हा व्हिडिओ खरा की खोटा’ या प्रश्नाने सुरुवात केली की माणूस अडकतो. चित्र खरं वाटतं, मग बातमीही खरी वाटते. विचारायचं ते असं: हे कुठलं आहे, कधीचं आहे, आणि वर जे लिहिलंय ते या चित्रात खरोखर दिसतं का?

आधी दावा सुटा करा

पावसाळ्यात हमखास येणारा मथळा घेऊ: ‘कोल्हापुरात महापूर! पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली, शहरात पाणी शिरलं, पाहा आजची थरारक दृश्यं.’ यात चार वेगवेगळे दावे आहेत. ठिकाण कोल्हापूर आहे. नदी धोक्याच्या पातळीवर आहे. पाणी शहरात आलं आहे. आणि दृश्यं आजची आहेत. चारही वहीत किंवा फोनच्या नोंदीत एकाखाली एक लिहा. ‘थरारक’ हा दावा नाही, तो सोडून द्या. चारांतला एक जरी पडला तरी बातमी त्या रूपात टिकत नाही, आणि बहुतेक वेळा ‘आज’ हाच पहिला पडतो.

आता व्हिडिओला हात न लावता जे तपासता येतं ते आधी तपासा, कारण ते सर्वांत झटपट होतं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात. तिथे इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. पावसाळ्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि जिल्हा माहिती कार्यालय ही पातळी वेळेसकट जाहीर करतात, सोबत किती बंधारे पाण्याखाली आहेत तेही असतं. सकाळच्या नोंदीत राजाराम बंधारा ३४ फूट असेल आणि दुपारच्या व्हिडिओत शहरातल्या व्हीनस कॉर्नरला कमरेएवढं नदीचं पाणी असेल, तर तो व्हिडिओ आजचा नाही, किंवा ते नदीचं पाणी नसून तुंबलेल्या गटाराचं आहे. वेळ न सांगता ‘पातळी ४३ फुटांवर’ एवढंच म्हणणारी बातमीही कच्चीच समजा. पुरात सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांत दोन-तीन फुटांचा फरक पडू शकतो.

विसर्गाचे, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचे, आकडे हा तर चुकांचा खजिना. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, हा वाहण्याचा वेग. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट; हा साठा. सलग २४ तास साधारण ११,५७४ क्युसेकने पाणी सोडलं की एक टीएमसी होतं, आणि एक लाख क्युसेक चालू राहिलं तर दिवसाला ८.६४ टीएमसी. कोयना धरणाची सगळी क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. हे दोन आकडे लक्षात असले की ‘कोयनेतून ५० हजार टीएमसी विसर्ग’ असं ठणकावून सांगणाऱ्या निवेदकाने लिहिलेलं नुसतं वाचून दाखवलंय हे लगेच कळतं. तसंच कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाचं. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक उंचीला आलं की आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी जातं. सातही उघडले तरी दहा हजारांच्या आसपास. ‘प्रशासनाने मध्यरात्री अचानक राधानगरीचे दरवाजे उघडले’ हे वाक्य ऐकलं की सांगणाऱ्याला धरणाची माहिती नाही, एवढं निश्चित झालं.

‘ढगफुटी’ या शब्दाकडेही असंच बघा. हवामान खात्याच्या व्याख्येत २० ते ३० चौरस किलोमीटर भागात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस म्हणजे ढगफुटी. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्यापुढे अतिवृष्टीची सर्वांत वरची पायरी. तासाचा आकडा न देता ढगफुटी म्हणणारा व्हिडिओ बहुधा नुसता जोराचा पाऊस दाखवत असतो.

फ्रेम काढून उलटा शोध

ठिकाण आणि काळ ठरवायला व्हिडिओतली स्थिर चित्रं काढून ती शोधयंत्राला द्यायची. काम सोपं आहे, पण चुकीची फ्रेम निवडली की हाती काही लागत नाही.

१. शक्यतो संगणकावर करा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरची स्वल्पविरामाची कळ दाबली तर एक फ्रेम मागे, पूर्णविरामाची दाबली तर एक फ्रेम पुढे जाते. थरथरत्या दृश्यातही एखादी स्वच्छ फ्रेम सापडतेच.

२. चार ते सहा फ्रेम घ्या, आणि त्या वेगवेगळ्या तुकड्यांतून घ्या. बातमीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बहुधा पाच-सहा ठिकाणच्या तुकड्यांची गोधडी असतो. पहिला तुकडा आजचा आणि बाकी पाच जुने, हे नेहमीचं.

३. गर्दी, लाटा, धूर यांची फ्रेम नको. जगातल्या सगळ्या लाटा सारख्या दिसतात. पूल, कमान, देऊळ, दुकानाची पाटी, डोंगराची रेघ असलेली फ्रेम घ्या.

४. वाहिनीचा लोगो, खालची पट्टी, मोठी अक्षरं कापून टाका. ती राहिली तर शोधयंत्र तसलेच लोगो आणि तसलीच अक्षरं शोधत बसतं.

५. गूगल लेन्सवर टाका, मग यांडेक्सवर आणि टिनआयवर. तिघांचे निकाल वेगळे येतात. टिनआयमध्ये सर्वांत जुनं आधी दाखवण्याची सोय आहे, ती वापरा. ब्राउझरमध्ये इनविड-वीव्हेरिफाय हे मोफत साधन बसवलं तर व्हिडिओचा दुवा दिल्यावर ते मुख्य फ्रेम आपोआप काढून देतं.

६. काहीच मिळालं नाही तर फ्रेम आडवी उलटी करून, म्हणजे आरशातल्यासारखी, पुन्हा शोधा. कॉपीराइटची पकड चुकवायला लोक व्हिडिओ उलटा करतात. पाटीवरची अक्षरं उलटी असतील किंवा आपल्याकडच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे दिसत असेल तर हीच शंका घ्या.

निकालांत तुम्हाला हवी असते ती सर्वांत जुनी प्रत. एकच दृश्य २०१९ च्या ऑगस्टमध्ये चढवलेलं सापडलं, की ‘आजचं’ हा दावा तिथेच संपला. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा महापूर, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर चढलेलं पाणी, २२ जुलै २०२१ चं चिपळूण: ही दृश्यं दर जुलैत नव्या मथळ्याने फिरतात. मात्र उलट बाजू ध्यानात ठेवा. जुनी प्रत सापडली नाही म्हणजे व्हिडिओ ताजा ठरत नाही. शोधयंत्रांनी व्हॉट्सअॅप पाहिलेलं नसतं, इन्स्टाग्रामचंही फारसं नाही.

तारखांत फसायच्या जागा दोन. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती तुमच्या फोनवर ती आल्याची असते, चित्रीकरणाची नव्हे. चित्रीकरणाची आतली माहिती व्हॉट्सअॅपवरून जाताना गळून जाते. दुसरी यूट्यूबवरची: तिथली तारीख चढवल्याची असते, आणि मथळा नंतर कितीही वेळा बदलता येतो. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओचा मथळा आज सकाळी बदललेला असू शकतो. म्हणून मथळ्याखालचं वर्णन उघडून पूर्ण तारीख बघायची आणि जुन्या प्रतिसादांवर नजर टाकायची. ‘गणपतीच्या शुभेच्छा’ मे महिन्याच्या बातमीखाली नसतात.

‘लाइव्ह’चंही तसंच. प्लॅटफॉर्म स्वतः जे लाल चिन्ह दाखवतो ते प्लेअरच्या भोवती किंवा खाली असतं. व्हिडिओच्या चित्रातच कोपऱ्यात रंगवलेलं ‘लाइव्ह’ हे वाहिनीचं ग्राफिक आहे, ते तीन वर्षांपूर्वीच्या तुकड्यावरही बसवता येतं. खऱ्या लाइव्हमध्येही जुनी फीत फिरवत ठेवणारे आहेत. दहा मिनिटं थांबा, तोच ट्रक पुन्हा त्याच वळणावर आला की उलगडा होतो.

पाट्या, फ्लेक्स, एसटी

उलट्या शोधाने काम झालं नाही तर डोळ्यांनी करायचं, आणि इथे मराठी माणसाला घरचा फायदा आहे. व्हिडिओ आवाज बंद करून एकदा बघा, मग चित्र न बघता नुसता ऐका.

बघताना गाड्यांच्या पाट्या धरा. एमएच ०९ कोल्हापूर, १० सांगली, १२ पुणे, १३ सोलापूर, १४ पिंपरी-चिंचवड, १५ नाशिक, १८ धुळे, २० छत्रपती संभाजीनगर, ३१ नागपूर. गोव्याची गाडी जीए. एका गाडीवरून काही सिद्ध होत नाही, ती कुठूनही आलेली असेल. पण दहा दुचाक्या एकाच क्रमांकाच्या असल्या तर बोलायला जागा आहे. एसटीचा लाल डबा आहे की शेजारच्या राज्याची बस? शिवशाही दिसली तर व्हिडिओ २०१७ च्या आधीचा नाही. दुकानाच्या पाटीवर दूरध्वनी असेल तर कोड वाचा: ०२३१ कोल्हापूर, ०२३३ सांगली, ०२५३ नाशिक, ०७१२ नागपूर, ०८३२ गोवा. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. पाटीवर ‘उस्मानाबाद’ आहे की ‘धाराशिव’, यावरूनही काळाचा अंदाज येतो, जरी जुन्या पाट्या वर्षानुवर्षं तशाच लटकत असतात. तोंडावर मास्क असलेली गर्दी २०२० ते २०२२ ची असण्याची शक्यता मोठी.

आणि फ्लेक्स. वाढदिवसाचे फ्लेक्स शहर विद्रूप करतात ही तक्रार रास्तच, पण व्हिडिओ तपासणाऱ्याला त्यांच्याइतकी मदत कुणी करत नाही. एका फ्लेक्सवर प्रभाग क्रमांक, तालुकाध्यक्षाचं नाव, पक्षचिन्ह आणि पुष्कळदा तारीखही असते. सण, मंडळाचं नाव, निवडणुकीचं वर्ष. सगळं एका फ्रेममध्ये.

ऐकताना बोली पकडा. सांगलीचा म्हणून आलेल्या व्हिडिओत मागे ओरडणारी माणसं तेलुगू किंवा बंगालीत बोलत असतील तर पुढचं काम सोपं झालं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी हेल ओळखणारं माणूस प्रत्येक घरात नाही तरी प्रत्येक ग्रुपमध्ये असतं, त्याला विचारा. वर संगीत लादून मूळ आवाज पार पुसलेला असेल तर तो का पुसला, हा प्रश्न नोंदवून ठेवा.

जागा ओळखीची वाटली की नकाशावर पडताळा. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू जुलै २०२२ मध्ये भारतात ज्या दहा शहरांपासून सुरू झालं त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. तिथल्या चित्रावर महिना-वर्ष असतं. किमान तीन खुणा जुळायला हव्यात, त्याही एकमेकींच्या योग्य बाजूला: पुलाचे कठडे, डावीकडची टाकी, मागची टेकडी. एका खुणेवर भागवलं की चूक होते. आपल्याकडचे पूल आणि पाण्याच्या टाक्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात.

सांगणारा कोण

चित्राइतकंच चॅनलकडे बघावं लागतं. परिचयाचं पान उघडा: कधी सुरू झालं, पत्ता आहे का, संपादकाचं नाव आहे का. २०२१ च्या आयटी नियमांनंतर बरेच बातमी-प्रकाशक संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल देतात. निळ्या खुणेवर मात्र भिस्त ठेवू नका. अनेक ठिकाणी ती आता पैसे भरून मिळते. नामांकित वाहिनीचा लोगो असलेला तुकडा किंवा ‘ब्रेकिंग’चं कार्ड कुठूनही आलं तर त्या वाहिनीच्या स्वतःच्या पानावर जाऊन ती बातमी आहे का ते बघा. बनावट कार्डात फॉन्ट जरा वेगळा असतो, लोगो जुना असतो, शुद्धलेखन भलतंच असतं. हँडलच्या नावात एखादं अक्षर जास्त असणं हीही जुनी युक्ती.

मग शेवटचे तीस व्हिडिओ चाळा. फक्त मथळे आणि आत प्रत्यक्ष काय आहे ते. ‘राजीनामा देणार?’, ‘मोठा भूकंप?’ असे प्रश्नचिन्हाचे मथळे किती आहेत ते मोजा. प्रश्नचिन्ह लावलं की काहीही लिहायची मोकळीक मिळते. तालुक्याच्या गावातला एकटा पत्रकार, हातात साधा माइक, चित्र हललेलं, पण स्वतः घटनास्थळी उभा, समोर तहसीलदार किंवा फौजदार नावानिशी बोलतोय: अशा चॅनलला आम्ही चकचकीत स्टुडिओपेक्षा जास्त गुण देऊ. उलट, ज्यात एकही माणूस दिसत नाही, फक्त साठवणीतली चित्रं आणि यंत्राचा आवाज, तिथे जागेवर कुणीच गेलेलं नाही.

यंत्राचा मराठी आवाज ओळखायला सोपा आहे. ‘चाळीसगाव’, ‘जळगाव’, ‘माझा’ यांतले च, ज, झ हिंदीसारखे उच्चारले जातात. दीड लाखाचं ‘एक पॉइंट पाच लाख’ होतं. ळ ला ठेच लागते. यंत्राने वाचलं म्हणून मजकूर खोटा ठरत नाही, पण तो कुणा मराठी संपादकाच्या कानाखालून गेलेला नाही हे ठरतं.

सरकारी योजनांच्या व्हिडिओंसाठी एक वेगळीच चाळणी लागते, कारण मराठीत सर्वांत जास्त घोळ तिथे आहे. लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घ्या. रक्कम महिना १,५०० रुपये. २०२४ च्या विधानसभा प्रचारात २,१०० चं आश्वासन आलं आणि तेव्हापासून ‘२,१०० आजपासून खात्यात!’ असे व्हिडिओ थांबलेले नाहीत. असा व्हिडिओ आला की तो नेमकी कुठली पायरी सांगतोय ते विचारा. नेत्याचं भाषण, मंत्रिमंडळाचा निर्णय, शासन निर्णय म्हणजे जीआर, निधी वितरणाचा जीआर, आणि प्रत्यक्ष खात्यात जमा: या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यात आठवडे किंवा महिने जाऊ शकतात. पहिली घडली की पाचवी सांगून टाकायची, हा धंदा.

जीआर तपासणं कुणालाही जमतं. प्रत्येक जीआरच्या शेवटी अठरा आकडी संकेतांक असतो आणि तो डिजिटल स्वाक्षरीने काढलेला असतो. संकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. या योजनेच्या २८ जून २०२४ च्या जीआरचा संकेतांक २०२४०६२८ असा सुरू होतो. व्हिडिओत कागद दाखवला असेल तर तिथे थांबा, संकेतांक उतरवा, महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरच्या शासन निर्णयांच्या पानावर शोधा. कागद पडद्यावर दोन सेकंदच राहत असेल, किंवा संकेतांकाची ओळ नेमकी कापलेली असेल, तर समजून जा. आणि व्हिडिओखाली ई-केवायसीचा ‘थेट दुवा’ दिला असेल तर तो दाबू नका. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, तो स्वतः टाइप करा.

‘उद्या शाळांना सुट्टी’ हाही त्याच जातीचा. आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. त्यावर जिल्हा, तारीख आणि जावक क्रमांक असतो. गेल्या वर्षीचा आदेश तारखेवर अंगठा ठेवून फोटो काढल्यासारखा फिरतो.

कापलेली भाषणं आणि एआय

भाषणाचा पंधरा सेकंदांचा तुकडा आला की पूर्ण भाषण शोधा आणि त्या वाक्याच्या आधीची दोन मिनिटं, नंतरची दोन मिनिटं ऐका. वक्ता विरोधकाचं वाक्य उद्धृत करत होता, उपहास करत होता, किंवा ‘असं कुणी म्हणेल, पण’ यातलं ‘पण’ कापलं गेलं: हे तीन प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात. मुलाखतीत वक्त्याचं डोकं एकदम इंचभर सरकलं तर तिथे काट आहे. वेगातही खोट करता येते. मे २०१९ मध्ये अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांचं भाषण सुमारे ७५ टक्के वेगाने चालवून त्या दारूच्या नशेत बोलतायत असं पसरवलं गेलं. आवाज जड वाटला तर वेग सव्वापट करून ऐका. हातवारे आणि पापण्या अचानक नैसर्गिक वाटू लागल्या की मूळ व्हिडिओ शोधायला घ्या.

युद्धाच्या बातम्यांत संगणकी खेळ घुसतात. आर्मा ३ या खेळातली दृश्यं इतक्या वेळा खऱ्या हल्ल्यांची म्हणून फिरली की तो बनवणाऱ्या चेक कंपनीने, बोहेमिया इंटरॅक्टिव्हने, नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ओळखायच्या खुणाच जाहीर केल्या: चित्र अतिशय धूसर, बहुधा रात्रीचं, कॅमेरा थरथरता, आवाज नाही, आणि हलणारी माणसं नाहीत. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षातही खेळांतले तुकडे फिरले.

एआयने केलेल्या दृश्यांत बोटं मोजण्याचा सल्ला आता जुना झाला. मराठी बातम्यांसाठी अजून उपयोगी पडणारी खूण म्हणजे पाट्या. देवनागरीची शिरोरेषा मध्येच तुटते, रफार भलत्या अक्षरावर बसतो, ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ विरघळतो. मागच्या दुकानाची पाटी फ्रेमागणिक बदलत असेल तर विषय संपला. दुसरी खूण लांबीची: अशा बऱ्याच साधनांतून सलग तुकडा आठ-दहा सेकंदांचाच निघतो, म्हणून दर आठ सेकंदांनी कोन बदलणारा ‘प्रत्यक्षदर्शी’ संशयास्पद. कोपऱ्यात अस्पष्ट चौकोन दिसला तर तिथला वॉटरमार्क पुसलाय का ते बघा. ओळखीच्या चेहऱ्याचा व्हिडिओ असेल तर अर्ध्या वेगाने चालवून प, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटतात का ते पाहा. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरांच्या चेहऱ्याने एका गेमिंग अॅपची जाहिरात फिरली, तेव्हा त्यांनी स्वतः ती बनावट असल्याचं जाहीर केलं. हेही एक साधन आहे: ज्याच्या तोंडी वाक्य घातलंय त्याच्या अधिकृत पानावर खुलासा आहे का ते बघायचं. अर्थात नाकारलं म्हणून खोटं, असंही नाही.

नुसता आवाज आणि मागे स्थिर फोटो, हा पुराव्यातला सर्वांत कच्चा प्रकार, आणि वेळ साधली की सर्वांत घातक. १९ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, राज्यातल्या दोन नेत्यांच्या नावाने बिटकॉइनबद्दलच्या ध्वनिफिती फिरल्या. दोघांनी आवाज आपला नसल्याचं सांगितलं, आणि तथ्य तपासणाऱ्यांच्या विश्लेषणात त्यातल्या बहुतेक एआयने केल्याची दाट शक्यता निघाली. पण मतदान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. एआय ओळखणारी मोफत साधनं टक्केवारी देतात, पण दहा ठिकाणाहून फिरून आलेल्या, दाबून लहान झालेल्या फाइलवर ती टक्केवारी भरवशाची नसते. मूळ दर्जाची प्रत मिळाली तरच ती वापरा.

खरी, पण वाईट बातमी

व्हिडिओ खरा, ठिकाण-काळ बरोबर, तरीही बातमी निकृष्ट असू शकते. ती तोलायला माहितीचा उगम बघा. वरच्या पायरीवर नावानिशी कॅमेऱ्यासमोर बोलणारा जबाबदार माणूस, एफआयआर किंवा आदेशाची प्रत. मग नावानिशी प्रत्यक्षदर्शी. मग ‘पोलिसांनी सांगितलं’, कोणत्या ठाण्याच्या कोणी हे नसलेलं. तळाला ‘सूत्रांच्या माहितीनुसार’. संपूर्ण व्हिडिओ तळाच्याच पायरीवर उभा असेल तर दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणाहून दुजोरा मिळेपर्यंत थांबा. स्वतंत्र म्हणजे खरोखर स्वतंत्र. पाच चॅनलांनी एकच तुकडा आणि एकच वाक्य वापरलं तर तो एकच स्रोत झाला. ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू विचारली का? निदान विचारल्याचं सांगितलं का? पैसे घेऊन केलेला मजकूर असल्यास ‘प्रायोजित’ कुठे लिहिलंय, आणि किती बारीक अक्षरात?

एक गोष्ट मात्र कुठल्याही चॅनलला थेट नापास करते: लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची किंवा अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि पोक्सो कायद्याचं कलम २३ याला मनाई करतात. चेहरा धूसर करून घराची पाटी, शाळेचा गणवेश, आईचं नाव दाखवणं हीही ओळख उघड करणंच आहे.

तपासून घ्यायचं कुणाकडून

तथ्य तपासणाऱ्या संस्थांपैकी न्यूजचेकर, फॅक्ट क्रेसेंडो आणि विश्वास न्यूज मराठीतून काम करतात. शोधताना मथळा टाकू नका, दृश्यात काय आहे ते टाका: ‘पूल वाहून गेला ट्रक’ असं. केंद्र सरकारच्या योजना-निर्णयांबद्दलचा दावा असेल तर पीआयबी (केंद्राचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकच्या ८७९९७ ११२५९ या व्हॉट्सअॅप क्रमांकावर पाठवता येतो. ही सरकारची स्वतःची यंत्रणा आहे हे मात्र ध्यानात असू द्या. सरकारवरच टीका असलेल्या बातमीत तिचा शिक्का ही एका पक्षाची बाजू झाली. केंद्राबद्दलच्या मजकुराला खोटं ठरवायचा कायदेशीर अधिकार अशा कक्षाला देणारी २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. संस्था कुठलीही असो, नुसता ‘खोटं’ हा शिक्का वाचून थांबू नका. त्यांनी मूळ व्हिडिओचा दुवा दिलाय का, तारीख दाखवलीय का, ते उघडून बघा.

ग्रुपवर आलेल्या व्हिडिओचं काय करायचं

व्हॉट्सअॅपवर दोन बाण दिसले तर तो संदेश पाच किंवा जास्त हातांतून आलाय. २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. म्हणजे पाठवणाऱ्या मावशींनी तो काढलेला नाही आणि त्यांना कुठून आला हे विचारून फार काही हाती लागणार नाही. तरी विचारा. ‘आमच्या गल्लीतल्या मुलाने स्वतः काढलाय’ असं उत्तर आलं तर त्या मुलाकडून मूळ फाइल मागवा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसं पाठवल्यावर दर्जा आणि आतली माहिती बहुतेक टिकते.

खोटं निघालं तर ग्रुपवर दुरुस्ती टाकताना खोटा व्हिडिओ पुन्हा चढवू नका, तो तिथून पुन्हा निघतो. मूळ प्रतीचा दुवा, एक स्क्रीनशॉट त्यावर मोठी फुली मारलेला, आणि दोन ओळी पुरतात: ‘काका, हा व्हिडिओ ऑगस्ट २०१९ चा आहे, मूळ इथे आहे. आज सकाळी ७ वाजता राजाराम बंधारा ३४ फूट होता.’ आकडा आणि वेळ दिली की वाद लांबत नाही. ‘खातरी करून पाठवत जा’ हे तिसरं वाक्य लिहायचा मोह होतो; त्यानेच काका बिथरतात, ते गाळा.

मारहाणीला, दंगलीला चिथावणी देणारा व्हिडिओ असेल तर ग्रुपच्या बाहेर काढायला हवा. आधी पुरावा जतन करा: दुवा, चॅनलचं नाव, दिसलेली तारीख-वेळ, पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट, आणि दुवा सार्वजनिक असेल तर वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर त्या पानाची प्रत. मगच प्लॅटफॉर्मवर तक्रार नोंदवा. आधी तक्रार केली आणि व्हिडिओ निघून गेला तर पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्याला दुवा पाठवताना व्हिडिओतलं नेमकं मिनिट-सेकंद लिहा. तीस मिनिटांचं लाइव्ह कुणी पूर्ण बघत नाही.